हरवलेली ट्रॉली आणि तिखट मुद्देमाल

ती सकाळ आठवली की आजही आधी माझं नाक हुळहुळतं आणि मग हसू येतं. खुनाच्या आणि दरोड्याच्या कथा सांगणारे माझे सहकारी पुष्कळ आहेत. त्या त्यांनी खुशाल सांगाव्यात. मी सांगणार आहे ती एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची गोष्ट. तिच्यात ना खून होता ना दरोडा, पण अर्धा दिवस आमचं अख्खं ठाणं दोन्हींचा तपास करत होतं. नावं कुणाचीच घेणार नाही. त्यातली बरीच मंडळी आता सासू-सासरे झाली असतील, आणि सुनांसमोर त्यांची शोभा करायची मला हौस नाही.

ऐंशीच्या दशकातला मे महिना होता. मी दहिसरच्या बाजूला एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. शहर तिथे संपायचं आणि डोंगर सुरू व्हायचा. डोंगरात दगडाच्या खाणी, खाली भराभर उठणाऱ्या इमारती, आणि या दोहोंच्या मध्ये दिवसभर खडी वाहणारे ट्रॅक्टर. ट्रॅक्टर हा मुळात शेतातला प्राणी. शेतात त्याच्या मागून बस येत नाही आणि पुढून शाळेची मुलं येत नाहीत. आमच्या डांबरी रस्त्यावर तो आला तो शेतातल्या सवयींसकट. मागे दिवा नाही, बाजूला आरसा नाही, ट्रॉलीला नंबर नाही. आवाज असा की शेजारी तोफ उडाली तरी चालकाला पत्ता लागू नये. चालक उंच आसनावर राजासारखा बसायचा, आणि आपल्या पाठीमागे काय चाललंय याची त्याला राजाइतकीच खबर असायची.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. मी स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात आमचा एक खबऱ्या धापा टाकत आत आला. हा पानाची गादी चालवायचा आणि त्याला कुठल्याही गोष्टीत मर्डर दिसायचा.

"साहेब, मर्डर!"

"कुठे?"

"खाणीच्या चढावर. एकदम बीच रस्त्यात."

"प्रेत कुणाचं आहे?"

"प्रेताचं तुम्ही बघा ना, साहेब. हत्यार मी टोपलीखाली झाकून आलोय."

खबर आली की जायचं, हा नियम. आमची जीप त्या काळी ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. ती ढकलण्याचं काम खबऱ्यालाच दिलं आणि आम्ही निघालो. बरोबर आमचे जुने हवालदार होते. साताऱ्याकडचे, आडदांड, झुपकेदार मिशांचे. त्यांच्या नुसत्या बघण्यानं पाकीटमार पाकीट परत करायचे.

खाणीतून भरून बाहेर पडताना ट्रॅक्टरला आधी हा चढ चढावा लागायचा. त्याच्या मध्यावर, नळाचा पाइप टाकून बुजवलेल्या चराचा एक उंचवटा होता. त्याच्या अलीकडे टोपली पालथी घातलेली. मी दोन पंच बोलावले, एक इस्त्रीवाला आणि एक दूधवाला. सगळ्यांच्या साक्षीनं टोपली उचलली. खाली लोखंडी बत्ता होता. खलबत्त्यातला, चांगला वीतभर लांब, वर गोल गड्डा, आणि खालच्या टोकाला ओलसर लालभडक डाग. कडेला काळं ग्रीसही लागलेलं.

"हवालदार, रक्त ताजं आहे का पाहा."

हवालदार वाकले. त्यांनी मिशा जवळ नेल्या. पुढच्या क्षणी अशी शिंक आली की त्यांची टोपी थेट दूधवाल्याच्या किटलीवर जाऊन बसली. मागोमाग दुसरी, तिसरी.

"रक्तानं शिंका येतात का हो?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"माणूस तिखट असंल," दूधवाला म्हणाला.

मी बोटाला लावून पाहिलं. रक्त नव्हतं, मिरची होती. तेलात माखलेली, ताजी कुटलेली. म्हणजे खून बारगळला. खबऱ्याचं तोंड उतरलं. पण पोलिसाचं डोकं रिकामं राहत नाही, एक गुन्हा निघून गेला की ते लगेच दुसरा बसवून घेतं. त्या वर्षी डोळ्यात मिरची टाकून लुटणारी एक टोळी महामार्गावर वावरत होती. मिरची सापडली, अवजार सापडलं. आता फक्त लुटलेला माणूस हवा होता. पंचनामा केला, बत्ता कागदात गुंडाळून त्यावर सह्या घेतल्या आणि परत आलो.

आणि काय सांगू, लुटलेला माणूस ठाण्यात आमची वाटच पाहत होता!

अंगणात ट्रॅक्टर लावून त्याचा मालक आपल्या चालकाची कॉलर धरून उभा होता. मालक पांढऱ्या सफारीत, घामानं डबडबलेला. चालक पंचविशीचा, कुरळ्या केसांचा, देखणा पोरगा, पण चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"साहेब, याला आत टाका," मालक म्हणाला. "याने माझी ट्रॉली विकली. खडीसकट! साइटवर नुसतं मुंडकं घेऊन आला."

मुंडकं म्हणजे ट्रॅक्टर. हकिगत अशी की चालक खाणीतून भरलेली चारचाकी ट्रॉली घेऊन निघाला. बांधकामावर पोचून त्याने ऐटीत ट्रॅक्टर वळवला, मजुरांना ओरडून सांगितलं, "चला रे, खाली करा!" आणि मजूर खोरी घेऊन त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. मागे काहीच नव्हतं.

"काय झालं?" मी चालकाला विचारलं.

"चहाला थांबलो होतो, साहेब. आलो तर ट्रॉली गायब. चोरली कुणीतरी."

"भरलेली ट्रॉली? ती काय खिशात घालून नेली?"

मालक म्हणाला, "खोटं बोलतोय! आता लग्न आहे याचं. पैसा पायजे असेल. फिर्याद लिहून घ्या."

चालकाचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, चोरीचं नाव लागलं तर लग्न मोडेल माझं."

"मग खरं सांग."

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागला. ही गंमत मी तेव्हाच मनात टिपली. चोरीच्या आळाला घाबरणारा माणूस खरं सांगायला त्याहून जास्त घाबरत होता. म्हणजे खरं काहीतरी चोरीपेक्षा अवघड होतं.

मी त्याला आतल्या खोलीत घेतलं. चौकशीत आवाज चढवण्यापेक्षा खुर्ची पुढे सरकवावी, असं माझं मत. माणसाला बसायला दिलं की तो बोलायला लागतो. मी त्याला पाणी दिलं आणि अगदी मायेनं विचारलं, "हे बघ, घाबरू नकोस. तुझ्या डोळ्यात कुणी मिरची तर नाही ना टाकली?"

बुडत्याला दोर मिळावा तसा त्याचा चेहरा उजळला.

"हो साहेब! मिरची! तेच तर सांगायचं होतं!"

"अरेरे. दोन्ही डोळ्यात?"

"दोन्ही! काय आग झाली म्हणून सांगू!"

"किती जण होते?"

"पाच. एक उंच होता, एकाला दाढी होती, एकाने निळा शर्ट घातला होता."

"डोळ्यात मिरची असताना एवढं दिसलं?"

तो थांबला. टपोरे, स्वच्छ डोळे माझ्याकडे लावून बसला. एकही शीर लाल नव्हती.

"आधी पाहिलं, मग टाकली," तो हळूच म्हणाला.

"आणि चहा?"

"चहा... ते पण प्यायले, साहेब."

दाराशी उभ्या हवालदारांनी तोंड फिरवलं. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. टोळीवरचा माझा विश्वास तिथेच उडाला. पण मग बत्ता कशाचा? आणि ट्रॉली गेली कुठे?

हा पेच मी सोडवत असताना बाहेरच्या खोलीत एकदम गलका झाला. पन्नाशीची एक मालवणी बाई, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत लाल, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मूठ आपटत होती. तिच्यासोबत खाकी गणवेशातले एक उंच, शांत गृहस्थ होते. बसचे ड्रायव्हर असावेत हे बिल्ल्यावरून कळत होतं.

"लिवून घे, लिवून घे! माझो बत्तो चोरलो! शेजारणीनच चोरल्यान! मी पाणी पिऊक घरात गेलंय आणि भायर येतंय तर खलात बत्तो नाय!"

"बाई, बत्त्याची तक्रार इथे..." अंमलदार म्हणाला.

"खंय करू मग? दिल्लीत? माझ्या लग्नात आवशीन दिल्लेलो बत्तो तो! पोराचा लगीन चार दिसांवर इला, मसालो अर्धो कुटलेलो तसोच पडलो हा!"

गणवेशातले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मी यांचा होणारा व्याही. लग्नाचं बोलायला आलो तर चाळीत हाणामारीची वेळ आलेली. म्हटलं, मारामारीपेक्षा ठाणं बरं."

तेवढ्यात आमचे हवालदार आतून बाहेर आले, बाईच्या शेजारून गेले आणि थांबले. त्यांची मान मागे गेली, डोळे मिटले, आणि तीच शिंक. मागोमाग दुसरी, तिसरी. त्याच चालीवर.

मी दारात उभा होतो. मुंबईत पोलिसांचं श्वानपथक होतं, चांगलं नावाजलेलं. पण त्या दिवशी माझ्या ठाण्यात मिशावालं श्वानपथक फुकटात उभं होतं हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

मी मुद्देमालाचा कागद सोडून टेबलावर ठेवला. "हा का?"

बाईंनी बत्ता उचलून छातीशी धरला. "ह्योच! खंय गावलो? शेजारणीच्या घरात ना?"

"खाणीच्या चढावर. रस्त्यात."

"रस्त्यात? थंय कसो गेलो?"

याचं उत्तर आतल्या खोलीत खुर्चीवर बसलं होतं. मी त्याला बाहेर बोलावलं. तो दारात आला, बाईंना पाहिलं, व्याह्यांना पाहिलं, आणि जागच्या जागी खाली बसला. ती त्याची आत्या होती. आईबापामागे तिनंच त्याला वाढवलेला.

"झिला, तू हय काय करतंस?"

मी बत्ता घेतला आणि सगळ्यांना बाहेर अंगणात, मालकाच्या ट्रॅक्टरजवळ नेलं. ज्यांना ट्रॅक्टरची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या हुकात ट्रॉलीचा दांडा बसतो आणि दोहोंच्या भोकांतून एक जाड लोखंडी पिन घालतात. पिनेला खालून क्लिप लावायची, म्हणजे ती उडत नाही. सगळी ओढ त्या एका पिनेवर. मी बत्ता हुकाच्या भोकात सोडला. तो असा बसला जणू त्या भोकासाठीच कुणी घडवला होता. गड्डा वर अडला आणि खालचं टोक बाहेर आलं. फक्त खाली क्लिप लावायला जागा नव्हती, कारण बत्ता घडवणाऱ्या लोहारानं ट्रॅक्टरचा विचार केलेला नव्हता.

आता चालक बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना. मूळची पिन होळीच्या सुमारास तुटली. मालकाकडे मागितली तर मालक म्हणाला, आजच्यापुरतं काहीतरी घाल. मग सळईचा तुकडा घालत होता. त्या सकाळी तोही सापडेना. ट्रॅक्टर चाळीबाहेर उभा, खाणीतून भर घ्यायची घाई, आणि समोर ओट्यावर खलात बत्ता. दोन फेऱ्या मारून आणून ठेवू, असं त्याने ठरवलं. चढावरच्या उंचवट्यावर ट्रॅक्टर उडाला, बत्ता उडाला, आणि ट्रॉली मागच्या मागे निघून गेली.

"तुला कळलंच नाही?"

"कळलं, साहेब. ट्रॅक्टर एकदम हलका पळायला लागला. मला वाटलं, आज इंजिन झकास लागलंय. गाणं म्हणत होतो."

आत्याबाईंनी बत्ता हुकातून काढला आणि चालकाकडे वळल्या. "ट्रॅक्टराक लावलंस? मेल्या, ट्रॅक्टराक? आणि मी त्या शेजारणीच्या सात पिढ्यो काढलंय!" हवालदार मध्ये पडले नसते तर त्या बत्त्याखाली खरंच गुन्हा घडला असता.

बसवाले व्याही वाकून हुकाचं रिकामं भोक पाहत होते. आता ते माझ्याकडे वळले.

"साहेब, यानं चोरी केली का?"

"नाही."

"केली असती तर एक वेळ चाललं असतं. चोर एका घरचं नेतो. हा भरलेली ट्रॉली सुटी सोडून देतो रस्त्यावर, ती कुणाच्याही घरावर जाते." मग त्यांनी चालकाकडे पाहिलं. "म्हणून खोटं बोलत होतास. चोर म्हटलं तर मी कदाचित ऐकून घेईन, पण पिनेचं कळलं तर मुलगी देणार नाही, असं वाटलं ना तुला? बरोबर वाटलं."

पोरगा हुकावरचं ग्रीस नखानं खरवडत राहिला.

"लग्नाचं नंतर बघू," व्याही म्हणाले. "आधी ट्रॉली कुठंय?"

आम्ही सगळे चढावर गेलो. उतारावरून चाकांच्या खुणा खाली जात होत्या आणि डावीकडे एका बैठ्या चाळीच्या गल्लीत वळत होत्या. गल्लीच्या तोंडाशीच ढोलकी ऐकू आली.

ट्रॉली सापडली. ती रिकामी होती आणि तिला झेंडूचा हार घातलेला होता.

त्या गल्लीतला रस्ता म्हणजे दगड आणि खड्डे. खडी टाका म्हणून लोक कित्येक वर्षं अर्ज करत होते. त्या सकाळी भरलेली ट्रॉली आपल्या पायानं गल्लीत चालत आली, तेव्हा कुणीही शंका घेतली नाही. घमेली आणली, खडी पसरली, रस्ता झाला. आणि भागातले एक होतकरू पुढारी दहाच्या आत हजर होऊन, नारळ फोडून, भाषणाला उभे होते.

"मी शब्द दिला होता! ही खडी कुणी आणली?"

"तुम्ही आणली!" गर्दी म्हणाली.

मी टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली. "साहेब, तुम्हीच आणली ना? बरं झालं. ही ट्रॉली चोरीची असल्याची तक्रार आहे. चला, जबाब लिहून घेतो."

पुढारी क्षणभर माझ्याकडे, क्षणभर हाराकडे पाहत राहिले. मग माइकवर म्हणाले, "बंधूंनो, माझे प्रयत्न अजून चालू आहेत. ही खडी त्याआधीच आलेली दिसते." आणि गर्दीतून वाट काढत दिसेनासे झाले.

सगळे हसले. मीही हसलो. मग मी ट्रॉलीच्या मागच्या बाजूला गेलो आणि माझं हसू थांबलं.

ट्रॉली सार्वजनिक नळाच्या कठड्याला टेकून थांबली होती. कठडा तडकला होता. कठडा आणि ट्रॉली यांच्यामध्ये एक पितळी हंडा पापडासारखा चपटा झाला होता. एक बाई सांगू लागली, "मी दुसरा हंडा कमरेवर घेऊन नुकतीच वळले होते, साहेब. हा रांगेत ठेवला होता. माझ्या मागची नळावर पोचायचीच होती." ती हसत सांगत होती, कारण अशा वेळी माणसाला रडायचं सुचत नाही.

चालकानं हंडा पाहिला. तो त्या बाईसमोर गेला, काही बोलायला तोंड उघडलं आणि हुंदका आला. व्याही लांब उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मालक मात्र म्हणाला, "आणि माझी खडी?"

तेव्हा माझा आवाज दिवसात पहिल्यांदा चढला. "खडीची फिर्याद जरूर द्या. त्यात पिनेचंही लिहितो. होळीपासून पिन कुणी दिली नाही, ट्रॉलीला नंबर का नाही, मागचा दिवा कुठे आहे, सगळं लिहितो." मालकानं सफारीच्या बाहीनं घाम पुसला आणि खडी चाळीला अर्पण केली.

चोरीचा गुन्हा नोंदला गेलाच नाही. निष्काळजीपणाने वाहन चालवल्याचा गुन्हा चालकावर नोंदला, मालकावर वाहन कायद्याखाली कारवाई केली. चालकानं कोर्टात सरळ कबूल केलं आणि दंड भरला. हवालदारांनी पुढचे काही दिवस खाणीच्या तोंडाशी उभं राहून प्रत्येक ट्रॅक्टरची पिन, क्लिप आणि मागचा लाल दिवा स्वतः वाकून तपासला. आत्याबाईंनी शेजारणीला वाटीभर मसाला नेऊन दिला. शेजारीण तो घेऊन म्हणाली की मीठ कमी आहे, आणि भांडण पूर्वीच्या जागी सुरळीत सुरू झालं.

राहिलं लग्न. व्याह्यांनी ते मोडलं नाही, पण पुढे ढकललं. पावसाळाभर आणि पुढे दिवाळीपर्यंत ते आपली पाळी सुरू होण्याआधी सकाळी खाणीवर यायचे. बोलायचे काही नाहीत. पोरगा ट्रॅक्टरभोवती फिरून चाकं, पिन, ब्रेक, दिवा बघायचा आणि ते त्याला बघायचे. दिवाळीनंतर एका सकाळी ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ठाण्यात माझ्या टेबलावर पत्रिका आली.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण ज्याला बेड्या घालता येत नाहीत असा एक आरोपी मला सगळ्यात जास्त वेळा भेटला. त्याचं नाव 'आजच्यापुरतं चालेल'. तो वाईट माणसांकडे राहत नाही. हसऱ्या, कष्टाळू, लग्नाळू पोरांकडे राहतो, म्हणून त्याला पकडणं अवघड. कायद्यानं त्याला दंड करता येतो. त्याला घालवायला मात्र कुणीतरी रोज सकाळी येऊन गप्प उभं राहावं लागतं. हे मला त्या बसवाल्या गृहस्थानं शिकवलं.

लग्नाला मी गेलो होतो. संध्याकाळी वरात निघायची वेळ झाली. फुलांनी सजवलेली मोटार, बँडवाले तयार, आत्याबाई घाई करतायत. नवरदेव गाडीत एक पाय टाकून थांबला, खाली उतरला आणि गाडीभोवती फिरायला लागला. उपरण्याची गाठ शालूला बांधलेली, त्यामुळे नवरीलाही मागोमाग फिरावं लागलं. करवल्या खिदळत होत्या. बँडवाल्यांना वाटलं, ही या लोकांची कसलीतरी रीत असेल, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

मागच्या चाकाशी नवरी थांबली. वाकली, मेंदीच्या हातानं टायर दाबून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, यात हवा कमी आहे."

मोटारीचा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आजच्या दिवस चाललं असतं, ताई."

तिचे वडील गर्दीतून पुढे आले. त्यांनी मांडवातली एक खुर्ची उचलली, रस्त्याच्या कडेला नीट मांडली आणि तिच्यावर हाताची घडी घालून बसले.

"सावकाश भरा हवा, जावईबापू," ते म्हणाले. "आम्ही थांबतो."